आवाज झाला तरच शाळा!

आमच्या धावपट्टीचं नाव त्या यादीत ज्यानं घातलं, त्यानं ती धावपट्टी जन्मात पाहिलेली नाही, असा माझा जाहीर आरोप आहे! कोण तो, मला माहीत नाही. नकाशावर विमानाचं बारीक चित्र दिसलं असेल, त्यानं खूण केली असेल आणि चहा मागवला असेल. त्याची एक खूण आणि आमचा अख्खा हिवाळा!

पण खरं सांगायचं तर त्याचे उपकारच झाले. त्या हिवाळ्यातले किस्से पंगतीतल्या पाहुण्यांसारखे आहेत. एक येऊन बसला की शेजारी चार येऊन बसतात. आमच्या जुन्या कचेरीतली मंडळी धुळ्यात भेटली, चहा सांगितला, की कुणीतरी म्हणतंच, "तो गोल्फचा सांग ना!"

गोल्फचा सांगते, पण आधी थोडं मागचं.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. योजनेचं नाव होतं 'विमानतळाच्या आवाजाने बाधित जमिनीचा पुनर्विकास'. विमानांच्या आवाजानं जिथे राहणं, शिकणं अशक्य झालंय, तिथली घरं आणि शाळा सरकारी पैशातून दुसरीकडे बांधून द्यायची. रिकाम्या जमिनीवर मग ज्याला आवाजाचं काही वाटत नाही असं काहीतरी उभारायचं. मोठ्या शहरासाठी उत्तम! आमची धावपट्टी धुळ्याबाहेर, उघड्या माळावर. तिथे महिन्यातून एखादं विमान यायचं. कधी मंत्र्यांचं, कधी शिकाऊ पायलटचं.

धावपट्टीला लागून सांगवडी नावाचं गाव. गावातली चौथीपर्यंतची शाळा म्हणजे एक पत्र्याची शेड. एक भिंत पडून दोन पावसाळे झालेले, तिथे गोणपाट लावलेलं. इमारतीसाठी तिथल्या एकुलत्या एक गुरुजींनी इतके अर्ज केले होते की पोचपावत्या एकावर एक रचल्या असत्या तर भिंत उभी राहिली असती. आता या योजनेतून शाळेला नवी इमारत मिळू शकत होती. अट एकच. शाळेच्या वेळेत, शाळेत, अधिकाऱ्यासमोर आवाज मर्यादेच्या वर गेला पाहिजे. तोही मार्च संपायच्या आत.

मी मूळची जळगावजवळच्या असोद्याची. जळगावला बी.एस्सी. करून धुळ्याच्या एका कचेरीत रोजंदारीवर सर्वेक्षण सहायक म्हणून लागले होते. सहा महिन्यांत जिल्हा बदलून टाकू, असं वाटायचं! सोबत जीपचे ड्रायव्हर नाना. त्यांनी माझ्यासारखे बरेच जण सहा-सहा महिने पाहिले होते.

* * *

पहिलं काम घरोघर जाऊन विचारायचं, "विमानाच्या आवाजाचा त्रास होतो का?"

गावचे सरपंच आबा. त्यांनी आदल्या दिवशी दवंडी दिली होती. त्रास आहे असंच सांगायचं, शाळेचा प्रश्न आहे. तरी पहिल्याच घरातल्या अक्कांनी हातातलं पीठ झटकलं आणि गावच्या अहिराणीत म्हणाल्या, "तरास? तरास कसाना वं माय! इमान उनं का तव्यावरनी भाकर टाकीसन पयतस आम्ही, देखाले!"

दुसऱ्या घरात तेच, विमान आलं की भाकरी टाकून बघायला पळायचं! तिसऱ्यातही तेच. एका घरात तर मला उलट विचारलं, "तुमना गावले येस का इमान? नही ना? मंग!"

आबा मागून डोळे वटारत होते, पण अभिमान काही आवरेना. शेवटी मी अक्कांकडे परत गेले आणि फॉर्ममधला पुढचा प्रश्न वाचला. "आवाजाचे स्वरूप कसे आहे? कर्कश, अतिकर्कश की असह्य?"

अक्कांनी नीट विचार केला. म्हणाल्या, "ग्वाड!"

* * *

दुसरं काम मोजणीचं. टेप घेऊन धावपट्टीवर गेलो तर धावपट्टी लालभडक! या टोकापासून त्या टोकापर्यंत मिरच्या वाळत घातलेल्या. विमान यायचं असलं की तहसीलमधून निरोप येई, गाव मिळून मिरच्या गोळा करी आणि विमान गेलं की परत पसरी. असं वर्षानुवर्षं चालू होतं.

मी टेप टाकला मात्र, दोन भाऊ धावत आले. दोघांना वाटलं, वाटणीची मोजणी आली! धाकटा म्हणाला, "पांढरा पट्टापासून त्या खांबापर्यंत मना शे!" थोरला म्हणाला, "अर्धा मना!" दोघांचंही 'माझा, माझा' चालू.

मी वैतागले. "अहो, ही जमीन सरकारची आहे!"

"जमीन सरकारनी शे ताई," धाकटा शांतपणे म्हणाला, "वाळवण मनं शे."

नाना मला बाजूला घेऊन म्हणाले, "ताई, टेप गुंडाळा. पाच मिनिटांत इथे वकील येईल."

तोवर थोरल्याचा आवाज चढला होता. वडिलांनी रीतसर वाटणी केली तेव्हा धाकटा कुठे बोलला होता, वगैरे. त्यावर धाकट्यानं मलाच पंच केलं. "तुम्हीच सांगा ताई, वाटणीमा याले काळी माती भेटनी आणि मले डांबर! तेबी अर्धं द्यू का?"

* * *

आता गोल्फचा.

बाधित जमिनीवर पुढे काय उभारायचं, ते गावानं ठरवायचं होतं. पारावर सभा भरली. मंजूर उपयोगांची यादी मी मोठ्यानं वाचली. "गोदाम. वाहनतळ. गोल्फ मैदान."

"हे तिसरं काय?" आबांनी विचारलं.

मी पुस्तकात वाचलेलं सांगायला लागले, पण कुणाला कळेना. नाना पूर्वी मुंबईत एका शेठची गाडी चालवायचे. ते पुढे झाले. "सोपं आहे आबा. शंभर एकर जमीन घ्यायची. तिच्यात एक एवढुसा खड्डा करायचा. लांबून काठीनं बॉल मारत मारत त्या खड्ड्यात घालायचा."

"आणि बाकीची जमीन?"

"गवत."

"पेरायचं काही नाही?"

"अजिबात नाही."

"आणि याला सरकार पैसे देतं?"

"यादीत तर आहे."

आबा ताडकन उठले. "मंग मना वरला वावरले द्या ना हो! ते दहा वरीस झाये गोल्फच खेळी राहिनं!"

ठराव गोदामाचा झाला. पण त्यानंतर सांगवडीत पडीक जमिनीला कुणी पडीक म्हणालं नाही.

* * *

हे सगळं ठीक होतं हो, पण माझा जीव अडकला होता शाळेत. तिसरीतल्या पोरी गोणपाटाच्या बाजूला बसायच्या. वारा आला की गोणपाट फडफडायचं आणि वह्यांची पानं आपोआप उलटायची. एका हातानं पान दाबून दुसऱ्या हातानं लिहायचं, हे त्या पोरींना इतकं सवयीचं झालं होतं की पक्क्या वर्गात बसवलं असतं तरी त्यांनी तसंच लिहिलं असतं.

शाळेचा स्वतंत्र फॉर्म होता. तो गुरुजींनी स्वतःच्या हातानं भरायचा होता. मी प्रश्न वाचला. "विमानाच्या आवाजाने अध्यापनात व्यत्यय येतो काय?"

गुरुजींनी सुंदर अक्षरात लिहिलं, 'नाही.'

"गुरुजी!" मी ओरडलेच. "विमान डोक्यावरून जातं तेव्हा तुम्ही शिकवता कसे?"

"शिकवत नाही ना. विमान दिसलं की सुट्टी देतो. आमच्या शाळेची पद्धतच आहे ती, विमानाची सुट्टी. अध्यापनच नाही, तर व्यत्यय कसला?"

"अहो, मग व्यत्यय येतो असंच लिहा ना! शाळा मिळेल!"

गुरुजींनी पेनाला टोपण लावलं. "ताई, फळ्यावर रोज सुविचार लिहितो. आजचा तुम्हीच वाचा."

फळ्यावर होतं, 'नेहमी खरे बोलावे.'

कॉलेजात असताना भ्रष्टाचाराविरुद्ध वक्तृत्वात मी ढाल जिंकली होती. त्या फळ्यापुढे मला ती ढाल तोंडासमोर धरावीशी वाटली!

जीपमध्ये बसताना नाना एवढंच म्हणाले, "अक्षर काय देखणं आहे हो गुरुजींचं!"

* * *

मार्चच्या शेवटच्या आठवड्यात निरोप आला. मुंबईहून साहेब येणार, आवाज मोजायचं मशीन घेऊन, स्वतः विमानानं. मी नाचायचीच बाकी! साहेबही येणार आणि विमानही.

सकाळी सगळ्या गावानं मिरच्या उचलल्या. मी शाळेच्या दारात आवाजाची वाट पाहत उभी. विमान आलं, छोटंसंच, पण घरघरत डोक्यावरून गेलं, उतरलं. दार उघडलं, साहेब पायऱ्या उतरले. मशीन त्यांच्या काखेत!

सगळ्यांच्या लक्षात एकदमच आलं. आवाज येऊन गेला होता आणि आवाज मोजायचं मशीन त्या आवाजात बसून आलं होतं.

"हरकत नाही," साहेब म्हणाले, "जातानाचा मोजू."

नानांनी अदबीनं विचारलं, "पण साहेब, जाताना आपण आत असाल ना?"

साहेबांनी मशीन काखेतून खाली ठेवलं. मोठा सज्जन माणूस. पायलटला म्हणाले, "तुम्ही पुढे व्हा. मी येतो कसाही."

शाळेत मशीन तिपाईवर ठेवलं. मर्यादेच्या जागी तांबडी रेघ होती. मला मनातून भरवसा होता तो पत्र्यांचा. त्यांचे खिळे कधीच निघालेले, पत्रे नुसते दगडांच्या वजनावर टिकलेले. साधी बैलगाडी गेली तरी अर्धा मिनिट खडखडायचे.

गुरुजींनी त्या दिवशी विमानाची सुट्टी रद्द केली होती. मुलं हाताची घडी घालून बसली. बाहेर सगळं गाव माना वर करून उभं. विमान धावलं, उडालं, शाळेवरून गेलं. काटा चढला, चढला, तांबड्या रेघेच्या जवळ आला... आणि माघारी फिरला.

पत्रे हूं की चूं करेनात! मी वर पाहिलं. दगड गायब. सगळीकडे नवे, चकचकीत खिळे.

साहेब म्हणाले, "छप्पर मात्र पक्कं आहे हो तुमचं."

"काल दिनभर ठोकं साहेब!" सगळ्या गावाच्या वतीनं आबा छाती काढून म्हणाले. "बठ्ठा गाव चढना व्हता वर. तुम्ही येणार म्हणताना असं खिळखिळं कसं दाखाडाव?"

* * *

अक्कांनी साहेबांना भरीत आणि ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी वाढली. साहेब दोनदा भरीत मागून जेवले, पण त्यांच्याकडे बघवत नव्हतं. चांगल्या माणसाला 'नाही' लिहायची वेळ येते तेव्हा जेवणाचं कौतुक तो जरा जास्तच करतो.

मी चिडून विचारलं, "सर, तो काटा बोटभर चढला असता तर? एवढ्यासाठी या मुली आणखी एक पावसाळा गोणपाटामागे बसणार?"

"ताई, मशीन सांगेल ते लिहिणं एवढंच माझं काम," ते म्हणाले. "त्यात मी माझं बोट घातलं, तर उद्या दुसरा कुणी हात घालेल."

मी भरिताचं भांडं त्यांच्यापुढे सरकवलं.

फॉर्मची एक बाजू राहिली होती. विमान गेल्यावर मशीन तासभर तसंच चालू ठेवून एरवीच्या आवाजाची नोंद करायची होती. म्हणून मशीन वर्गात चालूच होतं. गुरुजी पाढे घेत होते, काटा तळाशी पेंगत होता. साहेबांना धुळ्याला पोचवायला नानांनी जीप काढली, तर ती पंक्चर. मग आबांनी फाट्यावरून वडापची, म्हणजे माणसं भरून नेणारी, काळी-पिवळी टॅक्सी बोलावली. शिरपूरकडून धुळ्याला जाणारी, डिझेलची. तिचा सायलेन्सर कुठल्या तरी गावात गळून पडला होता आणि मालकानं तो परत शोधलाही नव्हता.

ती आली ती थेट शाळेच्या गोणपाटाला चिकटून उभी राहिली, सावलीला. टपावर माणसं, मागच्या फळीवर माणसं आणि आवाज असा की पाढे म्हणणाऱ्या मुलांचे नुसते ओठ हलताना दिसत होते. गोणपाटातून काळा धूर आत आला.

आबांनी माझा दंड धरला. मी मशीनकडे पाहिलं.

काटा तांबडी रेघ ओलांडून पार पलीकडे जाऊन थरथरत होता.

साहेबांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. काटा तिथेच. त्यांनी फॉर्म उलटसुलट करून पाहिला. मग माझ्या कानाशी येऊन ओरडले, "आवाज कशाचा होता, असा रकाना आहे का यात?"

मीही ओरडले, "नाही सर! फक्त वेळ आणि मर्यादा ओलांडली का, एवढंच आहे!"

साहेब गुरुजींकडे वळले. "आत्ता शाळेची वेळ आहे ना, गुरुजी?"

गुरुजींनी घड्याळ पाहिलं. "आहे, सर. सुटायला दहा मिनिटं आहेत."

"आणि अध्यापनात व्यत्यय?"

गुरुजींनी फळ्याकडे पाहिलं, मुलांकडे पाहिलं, मग साहेबांच्या डोळ्यांत पाहिलं. "मला माझंच ऐकू येत नाहीये, सर!"

साहेबांनी 'मर्यादा ओलांडली' असं लिहिलं, वेळ घातली, सही केली. वरचा कागद बॅगेत ठेवला, खालची प्रत गुरुजींच्या हातात दिली. गुरुजींनी ती दोनदा वाचली आणि चौघडी करून सदऱ्याच्या आतल्या खिशात ठेवली. खिशावर हात तसाच दाबून धरला.

काळी-पिवळीचा ड्रायव्हर खिडकीतून अर्धा बाहेर आला आणि हात हलवत ओरडला, "ओ साहेब, लवकर बसा! बंद पडनी तर ढकलाले बठ्ठा गाव लागस!"