वरचीचं ‘आपण’

शहराच्या ऐन मध्यावर, जिथे दिवसा पाय ठेवायला जागा नसते आणि ऑफिसं सुटली की चिटपाखरू फिरकत नाही, अशा एका चिंचोळ्या रस्त्यावर शिवणमावशी राहायच्या. राहायच्या, हे महत्त्वाचं. त्या रस्त्यावर माणसं मुबलक होती, राहणारं मात्र जवळजवळ कोणी उरलं नव्हतं.

मावशी लग्न होऊन आल्या तेव्हा इमारतीच्या प्रत्येक खिडकीबाहेर कपड्यांची दोरी होती. कुणाकडे बाळ झालं, कुणाकडे पाहुणे आलेत, कुणाच्या नवऱ्याला नवी नोकरी लागली, सगळं दोरीवरून कळायचं. मग एकेक दोरी उतरत गेली. खालच्या मास्तरांच्या जागेत दातांचे डॉक्टर आले. समोरचं मोठं बिऱ्हाड गेलं आणि तिथे वकिलांच्या खुर्च्या लागल्या. सगळ्यात वरच्या मजल्यावर मालकाने प्रवाशांसाठी खोल्या केल्या. चाकांच्या बॅगा जिन्यावर आपटत लोक येत आणि तशाच आपटत जात. आता दोऱ्या दोनच राहिल्या होत्या. एक मावशींची, दुसरी त्यांच्या थेट डोक्यावर राहणाऱ्या वरचीची.

मावशींचा मुलगा शहराबाहेर नव्या वस्तीत राहायचा. “आई, तिकडे आता राहिलंय कोण?” असं तो दर रविवारी विचारायचा. “मी राहिलेय,” असं मावशी दर रविवारी सांगायच्या. मुलाच्या घरात त्यांना जागा होती, त्यांच्या मशीनला नव्हती. सूनबाईंनी एकदा सहज म्हणून मशीनला टेप लावून बघितली होती, आणि मावशींनी ते पाहिलं होतं. नवरा गेल्यापासून ऑफिसवाल्यांच्या पँटी आखूड करून आणि ब्लाउज उसवून सैल करून त्यांनी घर चालवलं होतं. ती खोली आणि ती मशीन म्हणजेच मावशी. खोली गेली तर आपण कुणाच्या तरी घरातली म्हातारी होऊ, एवढं त्यांना पक्कं ठाऊक होतं.

त्यामुळे मावशी डोळ्यांत तेल घालून असायच्या. संशय घेणं हा त्यांचा मशीनखालोखालचा दुसरा धंदा म्हणायला हरकत नाही.

वरची परगावची, परभाषेची. ती एका मोठ्या हॉटेलात चादरी धुवायला जायची, नवरा आणि दीर ऑफिसं झाडायचे. तिघांच्या पाळ्या वेगळ्या. दुपारी वर कुलूप असायचं आणि भल्या पहाटे पावलं वाजायची. मावशी मशीन थांबवून कान टवकारायच्या. कधी एक जण चालतोय, कधी तिघं. इतकी माणसं आहेत तरी किती?

पहिल्याच दिवशी वरची दारात येऊन हसत म्हणाली होती, “मावशी, आपण वरच्या खोलीत राहायला आलो.”

“मी कुठे आले गं तुझ्याबरोबर?” मावशी म्हणाल्या. “आम्ही म्हण. आम्ही आलो.”

वरचीने मान डोलावली आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. आपला जिना. आपलं पाणी. आपली खिडकी फार छान, मावशी! तिच्या भाषेत ‘आम्ही’ आणि ‘आपण’ या दोन्हींना मिळून एकच शब्द होता म्हणे. मावशींना ते पटलं नाही. भाषा येत नाही म्हणतेस, मग भाजीवाल्याशी घासाघीस बरी करता येते? मावशी दर वेळी टोकायच्या, “आपलं नाही, आमचं!” आणि मनात पाल चुकचुकायची. ही बाई आधी तोंडाने घर घेतेय, मग पायाने घेईल.

एकदा वरची तेलाची कुपी घेऊन आली. “आपलं दार कुरकुरतं. तेल घालू?” मावशी नको म्हणेपर्यंत तिने बिजागऱ्यांत तेल सोडलंसुद्धा. दार गुमान उघडमीट करू लागलं. दुसरी कुणी असती तर दुवा दिला असता. मावशींना त्या रात्री झोप लागली नाही. कुरकुरणारं दार निदान कुणी उघडलं की ओरडत तरी होतं.

यात भर घातली मालकाच्या भाच्याने. हा भाचा महिन्यातून एकदा यायचा, चपला बाहेर काढायचा, वाकून बोलायचा. त्याचंही ‘आपण’ होतं, पण ते साखरेत घोळलेलं. “आपण या वयात जिने कशाला चढता? आपण मुलाकडे कधी जाणार?” त्याच्या ‘आपण’मध्ये तो स्वतः कधीच नसायचा. या खेपेला निघता निघता तो आवाज खाली आणून म्हणाला, “जरा जपून हं. वरची मंडळी आपल्या खोलीची चौकशी करत होती. ही खोली कधी रिकामी होणार, असं विचारत होती.”

तो गेल्यावर मावशींनी दाराला साखळी लावली. त्यांनी भाच्यावर कधी विश्वास ठेवला नव्हता. पण यावर मात्र ठेवला, कारण हे त्यांना आधीपासूनच वाटत होतं. तरीच ती खिडकी आवडते! तरीच ते तेल!

आठवडा गेला नसेल, तोच नगरपालिकेची मोजणीवाली आली. उन्हाने लाल झालेली, गळ्यात ओळखपत्र, एका हातात पाण्याची बाटली. मावशींनी साखळी न काढता फटीतून तिला आधी नखशिखान्त बघून घेतलं. शहराच्या मध्यात खरोखर वस्ती किती उरली आहे, कुठल्या इमारती राहत्या ठेवायच्या आणि कुठल्या ऑफिसांना द्यायच्या, त्यासाठी मोजणी चाललीय, असं ती म्हणाली.

“तुम्ही इथे कायम राहता?”

“लग्नापासून. कायम म्हणजे कायम.”

“आणि वर? दोनदा येऊन गेले, कुलूपच आहे. वर कुणाचं बिऱ्हाड आहे का?”

मावशींनी छताकडे पाहिलं. दोरीवर वरचीची हिरवी साडी वाळत होती. तिचा पदर खिडकीच्या वरच्या कडेवरून मावशींना दिसत होता. हे लोक आज इथले म्हणून मोजले गेले, तर उद्या खोलीवर हक्क सांगायला मोकळे.

“बिऱ्हाड कसलं,” मावशी म्हणाल्या. “येणारे-जाणारे असतात. आज हे, उद्या ते. कायमचं कोणी राहत नाही.”

मोजणीवाली थकली होती. तिने मान हलवली आणि ती जिना उतरली. मावशींनी साखळी नीट बसली ना ते पाहिलं आणि मशीनवर बसून गाणं गुणगुणत तीन पँटींच्या दुमडी संपवल्या. कित्येक दिवसांत हात इतका हलका चालला नव्हता.

नोटीस खालच्या दरवाजावर लागली तेव्हा दातांचे डॉक्टर ती मोठ्याने वाचत होते. निदान दोन कायमची बिऱ्हाडं असलेली इमारत राहती धरायची, असं ठरलं होतं. या इमारतीत एकच सापडलं. तेव्हा ही इमारत आता ऑफिसांची, आणि मालकाला जागा मोकळी करून घेण्याची मुभा. डॉक्टर म्हणाले, “वाईट झालं हो, एकाने हुकलं.” आणि ते कुणाचा तरी दात काढायला आत गेले.

मावशी जिना कशा चढल्या त्यांचं त्यांनाच कळलं नाही. त्यांच्या दाराशी पायरीवर वरची बसली होती. डोळे सुजलेले.

“एकच कसं, मावशी? आपण दोन बिऱ्हाडं आहोत ना?”

मावशी कमरेची किल्ली चाचपू लागल्या.

“सासूबाईंना आणणार होतो. त्यांचे गुडघे गेलेत. मी भाचेसाहेबांना विचारलं, खालची एखादी खोली कधी रिकामी होईल? डॉक्टरांच्या शेजारची, ती कोठीची.” तिने नाक पुसलं. “आता आपण कुठे जायचं?”

सवयीने मावशींची जीभ टाळ्याला लागली. आपण नाही, आम्ही म्हण. पण आज टोकायला जागाच नव्हती. वरचीचं व्याकरण अगदी बरोबर होतं. कदाचित पहिल्यापासूनच बरोबर होतं.

त्यांना गप्प बसता आलं असतं. मोजणीवालीवर ढकलता आलं असतं. पण वरची त्यांच्याकडे अशी बघत होती की जणू या म्हाताऱ्या बाईला काहीतरी मार्ग ठाऊक असणारच.

“मी सांगितलं तिला,” मावशी म्हणाल्या. “वर कोणी राहत नाही म्हणून. मीच.”

वरचीला आधी शब्द कळले, मग अर्थ कळला. तिने ओरडावं, शिव्या घालाव्यात, असं मावशींना फार वाटलं. ती नुसती उठली, साडीच्या मागची धूळ झटकली आणि कठडा धरून दोन पायऱ्या चढली. मावशी मागून घाईने म्हणाल्या, “थांब गं. नगरपालिकेत जाऊ. मी सांगेन त्यांना, चूक झाली म्हणून. आपण दोघी जाऊ.”

वरची वळली.

“नको, मावशी,” ती म्हणाली. “आम्ही बघतो आमचं.”

एकही शब्द चुकला नाही. दीड वर्ष मावशी तिला हेच शिकवत होत्या. वरती दार लागलं, आणि त्यांनी आपलं दार लोटलं तेव्हा त्याचा जराही आवाज झाला नाही.