विकास आराखड्याची चोरी

ती घटना आठवली की आजही मला आधी सुक्या बोंबलांचा वास येतो आणि कलम नंतर आठवतं.

तेव्हा मी रायगडच्या किनाऱ्यावरच्या एका ठाण्याचा प्रभारी होतो. गाव झपाट्याने वाढत होतं. नारळी-पोफळीच्या वाड्यांत होमस्टे उभे राहत होते, शनिवार-रविवारी पाहुण्यांच्या गाड्यांना जागा पुरत नव्हती, आणि ग्रामपंचायतीची नुकतीच नगरपंचायत झाली होती. तिने गावाचा विकास आराखडा करून घेतला. कुठून रस्ता जाणार, कुठे बाग, कुठे बाजार, हे दाखवणारा दाराएवढा रंगीत नकाशा सभागृहात लावला आणि हरकती नोंदवायला महिन्याची मुदत दिली. नकाशात साठ फुटी नवा रस्ता लाल रेघेने दाखवला होता. ती रेघ कोणाच्या घरावरून जाते याची सगळ्यांना धास्ती होती. गडबड नको म्हणून मी तिथे एक हवालदार बंदोबस्ताला ठेवला.

मुदतीचे आठ दिवस उरले असताना एका दुपारी मुख्याधिकारी स्वतः ठाण्यात आले. सभागृहाच्या भिंतीवर चार खिळे होते, नकाशा नव्हता. नकाशा नाही तर हरकती नाहीत, आणि हरकती नाहीत तर आराखडा कोर्टात टिकणार नाही, असं त्यांचं म्हणणं. यामागे मोठं राजकारण असल्याची त्यांना खात्री होती. ठाणे अंमलदाराने फिर्याद घेतली. चोरीस गेलेल्या मालाच्या वर्णनात त्याने लिहिलं, 'संपूर्ण गाव, कागदी.' मी ते खोडायला लावलं.

पंचनाम्याला गेलो. नकाशा लोखंडी कपाटाच्या वर टांगलेला असायचा. खालून पाहणाऱ्याला फार तर समुद्राचा निळा रंग दिसला असेल. सीसीटीव्ही होता, पण त्याचं तोंड मुख्याधिकाऱ्यांच्या गाडीकडे होतं. माझ्या हवालदाराला विचारलं, तर तो ठामपणे म्हणाला की दिवसभरात एकही परका माणूस आत गेला नाही.

मग संशयितांना बोलावलं. लाल रेघ ज्यांच्या वाडीतून जाणार अशी चर्चा होती, त्यातले एक बागायतदार न बोलावताच आले. खुर्चीवर बसून शांतपणे म्हणाले, "साहेब, खोटं बोलत नाही. माझ्या मनात होतं. पण आधीच कोणीतरी नेला." जबाबात हे कसं लिहायचं, असा प्रश्न रायटरला पडला. दुसऱ्या दिवशी आणखी तिघे आले. त्यांना चोरी कबूल करायची नव्हती. ज्याने केली त्याचे आभार कुठे मानायचे, हे विचारायचं होतं. वरून साहेबांचे फोन येत होते आणि माझ्याकडे चार खिळ्यांपलीकडे काही नव्हतं.

तिसऱ्या दिवशी खबर आली ती बोर्ली पंचतनच्या एका झेरॉक्सवाल्याकडून. एक म्हातारी भलामोठा गुंडाळलेला कागद घेऊन आली होती. एवढा कागद माझ्या मशीनवर बसत नाही, माणगावला जा, असं त्याने तिला सांगितलं. कागद कसला ते त्याने पाहिलं नव्हतं, पण त्याला सुक्या मासळीचा वास येत होता, आणि त्यानंतर दुकानात दोन मांजरं येऊन बसली ती उठेनात.

आम्ही कोळीवाड्यात गेलो. लपवाछपवी काहीच नव्हती. मासळी वाळवायच्या ओट्यावर, भर उन्हात, चारी कोपऱ्यांना दगड ठेवून नकाशा पसरलेला होता. भोवती वीस-पंचवीस बायामाणसं बसून वाद घालत होती. मधोमध एक सत्तरीच्या आजी हातात पेन घेऊन होत्या. गावात रोज दारोदार मासळी विकणाऱ्या त्या आजी मलाही ओळखीच्या होत्या.

मी विचारलं, "आजी, हा नकाशा तुम्ही चोरलात?"

"नेला हाय सायबा. चोरला न्हाय," त्या म्हणाल्या. "बघायला नेला. बघून झाला की परत लावनार व्हते."

त्यांनी सगळं सांगितलं. नकाशा बघायला त्या तीनदा गेल्या होत्या. एकदा सभागृहाला कुलूप होतं. एकदा जेवणाची सुट्टी होती. तिसऱ्यांदा कारकुनाने सर्व्हे नंबर विचारला आणि तो माहीत नाही म्हणून परत पाठवलं. चौथ्यांदा आत कोणीच नव्हतं. त्या खुर्चीवरून कपाटावर चढल्या, नकाशा काढला, गुंडाळून मासळीच्या पाटीत उभा केला आणि बाहेर पडल्या.

"आणि पाटी जड झाली व्हती, तर तुज्याच पोलिसानं हात लावून डोक्यावर चढवून दिली. भला मानूस हाय."

मी मागे वळून हवालदाराकडे पाहिलं. तो समुद्राकडे बघत होता.

मी नकाशा ताब्यात घ्यायला वाकलो आणि वाकलेलाच राहिलो. मासळी वाळवायची जागा, जिच्यावर आम्ही उभे होतो, ती नकाशात 'बालोद्यान' होती. स्मशान खाडीच्या पाण्यात होतं. गावचं तळं बाजार झालं होतं. हे सगळं आजींनी पेनाने खोडून शेजारी खुणा केल्या होत्या. लाल रेघ त्या ओट्यावरून थेट बंदरात उतरत होती. मी आमचं ठाणं शोधलं. तिथे 'पशुवैद्यकीय दवाखाना' लिहिलं होतं. क्षणभर मी पोलीस अधिकारी असल्याचं विसरलो आणि माझं पेन आजींना दिलं. "हेही दुरुस्त करा," म्हटलं.

मग रीतसर पंचनामा केला, मुद्देमाल सील केला. मुख्याधिकारी खुणा पाहून भडकले. सरकारी कागद विद्रूप केला म्हणून आणखी एक कलम लावा म्हणाले. पण चार दिवसांनी जिल्ह्याहून नगररचना विभागाचे अधिकारी आले. मुद्देमाल खोलीत नाकाला रुमाल लावून त्यांनी तो नकाशा तासभर पाहिला आणि हे सर्वेक्षण कोणत्या संस्थेने केलं, असं विचारलं. मी आजींचं नाव सांगितलं. त्यांनी सगळ्या खुणा आपल्या प्रतीवर उतरवून घेतल्या. हरकतींची मुदत वाढली आणि नवा नकाशा मासळी बाजारात, उभ्या माणसाच्या डोळ्यांसमोर येईल असा लावला गेला.

अप्रामाणिक हेतू नसेल तर ती कायद्याने चोरी होत नाही. तसा अहवाल मी न्यायालयात पाठवला आणि तो मंजूर झाला. हरकतींच्या सुनावणीत आजी अर्धा तास बोलल्या, एकदाही आवाज न चढवता. लाल रेघ ओटा सोडून मागच्या पडीक जमिनीतून गेली. त्यांच्या घराची पडवी मात्र रस्त्यात गेलीच. त्यावर त्यांनी हरकत घेतली नाही. गावाला रस्ता तर पाहिजेच, एवढंच म्हणाल्या.

या प्रकरणाने मला दोन गोष्टी शिकवल्या. साक्षीदार परक्या माणसाला लक्षात ठेवतो. रोज दिसणारं माणूस त्याला दिसतच नाही. ही तपासातली गोष्ट झाली. दुसरी शिकायला मला जास्त वर्षं लागली. माणसं सरकारी कागद पळवतात तेव्हा आम्ही लगेच त्यांचा हेतू शोधू लागतो. तो कागद त्यांना आधी कोणी नीट दाखवला होता का, हे मी त्यानंतरच्या प्रत्येक तपासात सर्वप्रथम विचारलं. बहुतेक वेळा उत्तर नाही असंच आलं.