पायाळूची लाथ

एरंडेलाचा वास आला की थोरल्या चुलत्यांची उघडी पाठ दिसते. बहात्तरच्या दुष्काळात खर्ड्यात मी कंबरदुखीचा डॉक्टर होतो; पदवी एवढीच, की मी पायाळू, जन्मताना पाय आधी आलेला, आणि पायाळूची लाथ बसली की उसण पळते. चुलत्यांना लघवी अडायची, पण ते कुणाला सांगायचे नाहीत. कंबर धरली तेव्हा मात्र एरंडेल चोळून पालथे पडले. "हान जोरात, जेवला न्हाईस व्हय?" मी हलकीच लाथ लावली. पुढं त्यांचे पायच लुळे पडले. नगरचे डॉक्टर म्हणाले, लघवीच्या वाटेवरल्या गाठीचा कॅन्सर केव्हाच मणक्यात पोचलाय. माझा चेहरा पाहून चुलते म्हणाले, "तुजं पाय गुनाचंच हायती रं. मीच लाजंपायी मुतन्याचं बोललो न्हाई." आता माझी कंबर धरली की बायको पायाळू शोधते, मी आधी लघवी तपासून येतो.