कावळ्याची बाजू

ट्रॉम्बेच्या अणुसंशोधन केंद्रातली नोकरी संपवून मी घरी बसले, तेव्हा विक्रोळीच्या आमच्या सोसायटीतल्या आयांनी परस्पर ठरवून टाकलं, की मे महिन्याच्या सुट्टीत मी त्यांच्या पोरांना विज्ञान शिकवायचं. पोरं पाच-सहा वर्षांची. त्यांना अणू-रेणू काय सांगणार? म्हणून मी चिऊ-काऊची गोष्ट घेतली. कावळ्याचं घर शेणाचं, चिमणीचं मेणाचं. पाऊस आला, शेण वाहून गेलं, मेण टिकलं. पाणी कशात शिरतं आणि कशात नाही, हे शिकवायला याहून सोपं काय?

"आज्जी, करून दाखव ना," पोरं म्हणाली.

मी तबेल्यातून बादलीभर शेण आणलं. रिक्षावाल्याने वास येताच मला बादलीसकट वाटेत उतरवलं. शेणात गवत कालवून आम्ही गच्चीवर कावळ्याचं घर थापलं. जुन्या मेणबत्त्या वितळवून चिमणीचं केलं. आठवडाभर दोन्ही उन्हात ठेवली, आणि तिथेच माझी वाट लागली.

प्रयोगाच्या दिवशी आम्ही वर जाऊन बघतो तर चिमणीच्या घराची पोळी झालेली. शेणाचं घर मात्र दगडासारखं टणक. मी झारीने पाणी घातलं. ते निथळून गेलं, घर जागच्या जागी.

तिसऱ्या मजल्यावरची चिमुरडी कमरेवर हात ठेवून म्हणाली, "म्हणजे चिऊ खोटं बोलली."

"अगं, गोष्टीत पाऊस होता. इथे ऊन आहे."

"मग उन्हाळ्यात चिऊ कुठे राहायची?"

आख्ख्या नोकरीत मला इतकं सरळ कुणी अडवलं नव्हतं.

या चिमुरडीची आई दिंडोशीच्या कोर्टात वकील. त्यामुळे रविवारी गच्चीवर खटला उभा राहिला. न्यायाधीश ती आईच, हातात चहाचा कप. चिमणीचं वकीलपत्र घ्यायला कुणी तयार होईना, म्हणून ते माझ्या गळ्यात पडलं. कावळ्याच्या बाजूने साक्षीला आले तळमजल्यावरचे मालवणी आजोबा.

"गावाक आमची जमीन शेणानच सारवतत," ते म्हणाले. "तेच्यारच जेवलंव, तेच्यारच निजलंव. शेणाक कोणी नावां ठेवची नाय."

टाळ्या पडल्या. मी उलटतपासणी घेतली, "पण आजोबा, वर छप्पर होतं ना?"

"छप्पर नाय तर काय आभाळ आसतला?"

पोरं माझ्यावरच हसली. माझा एकुलता एक मुद्दा हशात गेला. न्यायाधीशबाईंनी चहा संपवून हुकूम दिला: दोन्ही घरं नव्याने बांधा. दोघांना सारखं ऊन, सारखं पाणी. मी चकित झाले. प्रयोग असाच करायचा असतो, आणि ते मला सुचलं नव्हतं.

मधल्या काळात एका खऱ्याखुऱ्या कावळ्याने जुन्या शेणाच्या घरावर बस्तान मांडलं. टाकी बघायला वर गेलेल्या सेक्रेटरींच्या टकलावर त्याने टोच मारली. दुसऱ्या दिवशी लिफ्टमध्ये नोटीस: 'गच्चीवरील कावळ्याने सोसायटीची परवानगी घेतलेली नाही.'

सेक्रेटरी माझ्या दारात उभे राहिले. "मॅडम, कावळा तुमचा आहे का?"

"नाही."

"मग ते घर कुणाचं?"

"कावळ्याचं."

त्यांनी ते वहीत लिहून घेतलं आणि ते निघून गेले.

दुसऱ्या प्रयोगात मेण दुपारपर्यंत वितळून खाली बसलं. शेणावर आम्ही पाइप सोडला, तेव्हा तेही हळूहळू फुगलं आणि ढासळलं. दोघंही हरली. पोरांची तोंडं उतरली. मग तीच चिमुरडी म्हणाली, "शेणाच्या घराला बाहेरून मेण लावूया ना." लावलं. पातळ मेण भिंतीत मुरलं, ऊन झालं, पाइप झाला, घर हललं नाही. मला इतका आनंद झाला की मी आजोबांना टाळी दिली. फक्त हे घर चिऊचं की काऊचं यावर पोरांची जुंपली. ती भांडत असतानाच कावळा येऊन त्यावर बसला, आणि त्याला उठवायची कुणाचीच छाती झाली नाही.

"आज्जी, आता भोपळ्यातल्या म्हातारीची गोष्ट," पोरं म्हणाली.

"सांगते की."

"सांगायची नाही, करायची!"

"भोपळा मिळेल रे. पण आत बसवायला म्हातारी कुठून आणायची?"

सगळी पोरं मला वरपासून खालपर्यंत डोळ्यांनी मापू लागली.