उभ्या गाडीचं पेट्रोल

गाडीच्या शोरूमला फोन करायचं काम घरात माझ्याकडे होतं, कारण मी इंग्रजी शाळेत शिकले होते. फोनवर बोलणं मला कधीच जमलं नाही. आधी वाक्य मनात जुळवायचं, मग नंबर फिरवायचा. बाबा शेजारी बसून माझ्या तोंडाकडे बघत असायचे.

तारकर्लीला बाबांची स्वतःची टॅक्सी होती. पेट्रोलची, जुनी. पर्यटकांना कुडाळ स्टेशनवर सोडायला गेलं की रेल्वे हमखास उशिरा असायची. लोक एसीतून उतरायचे नाहीत. गाडी उभी आणि इंजिन चालू.

कॉलेजच्या वाचनालयात मी एका मासिकात हायब्रिड गाडीबद्दल वाचलं आणि घरी येऊन बाबांना सांगितलं. उभी राहिली की इंजिन आपोआप बंद होतं, बॅटरीवर काम चालतं.

"उभी रवली की त्याल खाणा नाय?" त्यांनी परत विचारलं. पेट्रोल असो की डिझेल, बाबा त्याला त्यालच म्हणायचे.

ती पुढच्या वर्षी आपल्याकडे येणार, असं छापलं होतं. बाबा आम्हाला घेऊन धामापूरला भगवतीच्या देवळात गेले. नारळ ठेवला, गुरवाच्या कानात काहीतरी सांगितलं. गुरवानं खड्या आवाजात गाऱ्हाणं घातलं, "ती बॅटरीची गाडी येईसर दुसरी गाडी घेवची नाय, असा ह्या लेकरान बोललेला आसा. ता तडीस ने गे माये!"

"होय म्हाराजा!" आई आणि मीही म्हणालो. सवयीनं. ती गाडी येईपर्यंत दुसरी घ्यायची नाही, हे कळलं तेव्हा होकार देऊन झाला होता.

पुढचं वर्ष आलं आणि गाडी त्याच्या पुढच्या वर्षावर गेली. मग दिवाळीवर, मग आणखी कशावर तरी. स्टेशनवरचे टॅक्सीवाले एकेक करून डिझेल गाड्या घेत होते. "काय रे, नवरी खंय पोचली?" त्यांच्यातला एक हाक मारून विचारायचा. "साखरपुडो करून बसलंस, वरात खंय अडाकली?"

"येतली," बाबा म्हणायचे. "तुझ्या गाडयेसारखी खोकत येवची नाय."

ॲव्हरेज काढायची बाबांची एकच रीत होती. टाकी गळ्यापर्यंत भरायची, कुडाळला जाऊन यायचं, त्याच पंपावर पुन्हा तेवढीच भरायची. त्यांना नव्या गाडीचा असाच आकडा हवा होता. चार माणसं, सामान, एसी, धामापूरचे चढ आणि स्टेशनवरचं थांबणं धरून. मी गोव्यातल्या शोरूमला तसं विचारलं. पलीकडच्या मुलानं छापील आकडा सांगितला, आयडियल कंडिशनमधला.

"म्हणजे खंयच्या रस्त्यार?" बाबांनी विचारलं.

"रस्त्यावर नाही, बाबा. त्यांच्या मशीनवर."

"मगे रस्त्यार चलवन बघितलेलो कोण तरी विचार."

मी विचारलं. तो हसला. गाडीच आली नाही तर चालवणार कोण, मॅडम.

एका पावसाळ्यात आमची गाडी धामापूरच्या चढावर बंद पडली. दुरुस्त झाली, पण लांब न्यायचा भरवसा उरला नाही. रिसॉर्टवाले भाडी दुसऱ्यांना देऊ लागले.

"देवीक सांगा, चुकला म्हणान," आई म्हणाली.

"चुकला कसा? तू पण होय म्हटलंस." होय तर म्हटलं होतं मीही.

शेवटी गाडी आली. मोठ्या शहरांत. आमचं घर आणि माड विकूनही ती दारात उभी राहिली नसती. मी तरीही फोन केला. ती घेतलेल्या एखाद्या माणसाशी बोलता येईल का, एवढंच विचारलं. आमच्या भागात कोणी घेतलेली नव्हती. रस्त्यावरचा आकडा त्यांच्याकडेही नव्हता.

"बोललेला फिटला," बाबा म्हणाले. आता ते कुठलीही गाडी घ्यायला मोकळे होते. त्यांनी घेतली नाही. जुनी भंगारवाल्यानं नेली, आणि बाबा त्याच हाक मारणाऱ्या टॅक्सीवाल्याच्या दुसऱ्या गाडीवर ड्रायव्हर म्हणून लागले.

मी नोकरीच्या मुलाखतीला मुंबईला निघाले तेव्हा त्याच गाडीतून त्यांनी मला कुडाळला सोडलं. रेल्वे उशिरा होती. मागच्या सीटवर पर्यटकांचं एक कुटुंब एसीत झोपलं होतं. आम्ही दोघं बाहेर, इंजिनाच्या घरघरीशेजारी उभे होतो. बाबांचं त्या आवाजाकडे लक्षच नव्हतं.

"बाबा, थोडा वेळ बंद करूया?" मी हळूच म्हटलं.

"चालू रवांदे गो," ते म्हणाले. "त्याल माझा न्हय."