पत्रेचाचांची शिडी

पत्रेचाचा कोणाच्याही घरात शिरले की आधी वर पाहायचे. छताला सलाम, मग माणसांना. "मालक बदलते बेटा, छप्पर तेच राह्यते," हा त्यांचा हिशेब. दारव्ह्याजवळच्या आमच्या गावातले बहुतेक सिमेंटचे पत्रे त्यांनीच चढवलेले. त्यामुळे गावातून चालताना त्यांची मान कायम वर आणि पाय कायम शेणात.

त्यांना पत्रा वाजवून पाहायची सवय होती. बोटाच्या पेराने टकटक करून, कान लावून ते त्याची तब्येत सांगत. "हा बुढ्ढा झाला, पण खोकत नाई." स्वतः मात्र भरपूर खोकायचे. कोणी विचारलंच तर म्हणायचे, "खोकला पत्र्याचा का बिडीचा, हे त्या दोघाइनं मिटवावं. मी काहून मंधात पडू?"

मी आमच्या घरातली पहिली पदवीधर. बारावीला असताना आमच्या घरावर टिन होतं. एका उन्हाळ्यात चाचा न सांगता सिमेंटचे दोन पत्रे घेऊन आले आणि माझ्या अभ्यासाच्या कोपऱ्यावर बसवून गेले. आईला म्हणाले, "पोरगी पापडासारखी भाजून राह्यली, तुले दिसत नाई का वं?" त्या सावलीत मी रसायनशास्त्र शिकले आणि नागपूरच्या एका प्रयोगशाळेत नोकरीला लागले. काम काय, तर जुनी इमारत पाडण्याआधी तिच्या पत्र्यांत ॲस्बेस्टॉस आहे का ते तपासायचं.

मग आमच्याच शाळेचं छप्पर उतरवायचं ठरलं. मुख्याध्यापक सरांनी रविवारी श्रमदान जाहीर केलं: गावकरी आणि वरच्या वर्गांची मुलं. उतरवलेले पत्रे कोणी किती न्यायचे, याची यादीही तयार होती. गोठ्यावर, खुराड्यावर, गुरांच्या कुटाराच्या ढिगावर. फुटलेले तुकडे अंगणात भर म्हणून. मी धावत पंचायतीच्या बैठकीत पोचले आणि म्हटलं, "सर, आधी तपासू द्या. पत्रा शाबूत असला तर ॲस्बेस्टॉसचे तंतू आतच राहतात. हातोडा पडला की धुळीबरोबर उडतात, छातीत जाऊन बसतात आणि कित्येक वर्षांनी त्रास देतात."

"अगं, तू याच पत्र्यांखाली शिकलीस ना? काय झालं तुला?"

"झालं नं सर," चाचा म्हणाले. "बुटकी राह्यली."

सगळी पंचायत हसली, मीसुद्धा. नमुना घेऊ द्यायला सर तयार झाले, पण रविवार काही हलला नाही आणि अहवाल यायचा होता मंगळवारी.

चाचांची शिडी म्हणजे दोन उंच बल्ल्या आणि त्यांच्याच ढांगेच्या मापाने ठोकलेले दांडे. माझा एक पाय दांड्यावर, दुसरा हवेत लोंबकळायचा. खालून चाचांचं चालूच, "चढ बुटके, चढ! डिग्री घेतली, पाय कायले आखूड ठेवले?" मी साबणाचं पाणी फवारलं, नखाएवढा तुकडा काढला, ती जागा बुजवली, तुकडा दोन पिशव्यांत बंद केला. चाचांनी मास्क लावला होता, पण कपाळावर. उतरल्यावर मी रागावून तो नाकावर ओढला, तेव्हा मास्कच्या आतून हळूच आवाज आला, "बेटा, मी त मंग हे आयुष्यभर खाल्लंच नं?"

मी पिशवीवर तारीख लिहायला घेतली. त्यांनीच विषय बदलला. "रविवारी पोट्टे येतीन का खरंच?"

"येतील."

"हं," एवढंच म्हणाले.

रविवारी अख्खं गाव पहारी, हातोडे आणि खिचडीचं पातेलं घेऊन हजर. शिडी मात्र नाही, आणि एवढी उंच शिडी पंचक्रोशीत दुसरी नव्हती. चाचांच्या घराला कुलूप. सरांनी स्पीकरवर फोन लावला.

"चाचा, शिडी कुठं आहे?"

"मायासंगच हाय. बहिणीले भेटाले आलो ढाणकीले."

"शिडी घेऊन?"

"तिनं बी कधी गाव पाह्यू नाई का, सर?"

जीपच्या टपावर बांधलेली, दोन्ही टोकांना लाल फडकं लावलेली ती शिडी म्हणे वाटेतल्या प्रत्येक थांब्यावर लोकांनी पाहिली होती. गावाने खिचडी खाल्ली आणि घर गाठलं.

मंगळवारी अहवाल आला. ॲस्बेस्टॉस होतं. सरांनी कागद दोनदा वाचला, मग ती यादी त्यांनी स्वतःच फाडली. पुढे प्रशिक्षित माणसं आली. त्यांनी पत्रे ओले करून, अख्खेच्या अख्खे उतरवले आणि प्लास्टिकमध्ये गुंडाळून नेले. चाचा दोरीच्या पलीकडे उभे राहून प्रत्येक पत्र्याला सलाम करत होते. शेवटचा गेल्यावर म्हणाले, "आता तुमच्या घरचे तपास. ते मीच आणले होते."

शिडी ढाणकीलाच राहिली. जीपवाल्याने ती परत आणायला साफ नकार दिला होता.

गेल्या हिवाळ्यात चाचा गेले. खोकला कोणाचा होता, ते शेवटपर्यंत मिटलं नाही. महिनाभराने मी दारव्ह्यात एका जुन्या कापूस गोदामाचे नमुने घेत होते, तर तोच जीपवाला दारात आला. टपावर शिडी. "चाचानं बहिणीजवळ सांगून ठेवलं होतं, हे बुटकीले द्या."

प्रत्येक दोन दांड्यांच्या मधात एक नवा दांडा ठोकलेला होता. बाभळीचा, नीट रंधा मारलेला.

मास्क लावून मी चढले. एकदाही पाय लोंबकळला नाही. वर पोचल्यावर हात आपोआप कपाळाला गेला.

"मॅडम, कोणाले सलाम करून राह्यल्या?" जीपवाल्याने खालून विचारलं.

बरं झालं, तोंडावर मास्क होता.