छतावरचा विद्यार्थी

त्या हिवाळ्यात बाबा लंडनला माझ्याकडे राहायला आले होते. निवृत्त हेडमास्तर. शिक्षणावर तासन्‌तास बोलायचे, पण स्वतःच्या शाळेचा विषय निघाला की चष्मा पुसायला घ्यायचे. पुढच्या आठवड्यात ते नागपूरला परत जाणार होते. त्यांचं हृदय थकलं होतं आणि पुन्हा येणं होणार नाही, हे दोघांनाही कळत होतं. मला ती शाळा त्यांच्याच तोंडून ऐकायची होती. मी हट्टी आहे, पण ते माझेच बाप.

शेजारी एक ज्यू आजोबा एकटे राहायचे. त्यांनी आम्हाला शुक्रवारी संध्याकाळी जेवायला बोलावलं. त्यांचा शब्बाथ, विसाव्याचा पवित्र दिवस, तेव्हा सुरू होतो. पाव खाण्याआधी हात धुवायचे असतात. आजोबांनी दोन कानांचं भांडं उचललं आणि पाहुण्याचा मान म्हणून स्वतः बाबांच्या हातांवर पाणी ओतायला लागले. बाबांनी ओंजळ केली, खाली वाकले आणि ते पाणी प्यायले.

आजोबा एक शब्द बोलले नाहीत. बाबांचा चेहरा उतरला. मला बाबांची लाज वाटली नाही, त्या म्हाताऱ्याचा मात्र भयंकर राग आला. आम्ही तसेच मुकाट्याने टेबलाशी बसलो.

आजोबांनी प्रार्थना म्हटली, पाव मोडला, एक घास खाल्ला आणि मग म्हणाले, "माफ करा. हात धुतल्यापासून पाव खाईपर्यंत आम्ही बोलत नाही."

"चूक माझी," बाबा इंग्रजीत म्हणाले. "आम्ही अस्पृश्य. शाळेत मला पाणी असंच वरून ओतायचे. हात अजून विसरले नाहीत."

आजोबांनी मग दोन हजार वर्षांपूर्वीच्या त्यांच्या एका गुरूची गोष्ट सांगितली. आपल्याला जे नकोसं वाटतं ते दुसऱ्याच्या वाट्याला आणू नये, धर्म एवढाच, बाकीचं शिकत राहा, असं सांगणारा हा माणूस तरुणपणी मोलमजुरी करायचा. एके दिवशी काम मिळालं नाही. फी नाही म्हणून पाठशाळेच्या दरवानाने आत सोडलं नाही. तो छतावर चढला आणि झरोक्याला कान लावून पडून राहिला. वरून बर्फ पडत होता. सकाळी वर्गात अंधार का, म्हणून गुरुजींनी वर पाहिलं, तर झरोक्यात माणूस. शब्बाथचा दिवस, विस्तव पेटवायलाही बंदी. तरी त्याला खाली आणलं, आंघोळ घातली, तेल चोळलं, शेकोटीपाशी बसवलं. अशा माणसासाठी शब्बाथ मोडायलाच हवा, असं गुरुजी म्हणाले.

"खाली कुणी आणलं?" बाबांनी विचारलं. "नोकरांनी?"

"गुरुजींनीच."

बाबांनी हातातला पाव ताटात ठेवला. माझ्याकडे वळून मराठीत म्हणाले, "मी बाहेर खिडकीखाली बसायचो. मास्तर वाईट नव्हते गं. फार छान शिकवायचे. त्यांना मी रोज दिसायचो."